५ सप्टेंबर की ८ सप्टेंबर? मुंबईतल्या ईदच्या सुट्टीचे प्रकरण

बुधवार, ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने एक अधिसूचना काढली. ईद-ए-मिलादची सार्वजनिक सुट्टी शुक्रवारी, ५ सप्टेंबरला होती. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ती रद्द झाली आणि तिच्याऐवजी सोमवारी, ८ सप्टेंबरला सुट्टी जाहीर झाली. बाकीच्या महाराष्ट्रात शुक्रवारचीच सुट्टी कायम राहिली. तयारीला मधे उरला फक्त गुरुवार.

कारण सगळ्यांना माहीत होते. शनिवारी ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती. त्या दिवशी मुंबईत रस्ते, चौपाट्या आणि पोलीस हे तिन्ही गणपतीचे असतात. आदल्याच दिवशी ईदचा जुलूस काढण्याऐवजी तो ८ तारखेला काढायचे मुस्लिम समाजातल्या संघटनांनी ठरवले. दोन्ही समाजांत शांतता आणि सलोखा राहावा म्हणून शासनाने सुट्टीही जुलुसाच्या दिवशी नेली.

निर्णय बरोबर होता, हे आधीच सांगून टाकतो. त्या वर्षी लालबागच्या राजाचे विसर्जन लांबत लांबत रविवारी रात्री झाले, त्यामुळे मधला रविवार मोकळा ठेवणे किती शहाणपणाचे होते ते दिसलेच. माझा आक्षेप तारखेवर नाही, वेळेवर आहे. जी गोष्ट पंचांग उघडून दोन-तीन वर्षे आधी कळू शकते, ती कर्मचाऱ्याला, बँकेला आणि शाळेला दोन दिवस आधी का कळावी? आणि कळली तरी 'सुट्टी बदलली' या दोन शब्दांत नेमके काय बदलते, हे कुणालाच धड का सांगता येऊ नये?

सुट्टी येते कुठून

राज्य शासनाची सार्वजनिक सुट्ट्यांची यादी ज्या कायद्याखाली निघते, त्याचा सणावारांशी काही संबंध नाही. तो परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१. म्हणजे हुंडी (ठरल्या तारखेला पैसे देण्याचा लेखी आदेश), वचनचिठ्ठी आणि धनादेश यांचा कायदा. त्याच्या कलम २५ मध्ये सार्वजनिक सुट्टी येते ती एका व्यवहारी प्रश्नापोटी: हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर पैसे कधी द्यायचे? सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार मुळात केंद्राचा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने तो महाराष्ट्राकडे सोपवला गेला, आणि दरवर्षीच्या यादीत या अधिसूचनेचा हवाला छापलेला असतो. खाली ठरलेली ओळ: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. २०२५ च्या यादीत अशा २४ सुट्ट्या होत्या. १ एप्रिलची वार्षिक लेखे पूर्ण करण्यासाठीची सुट्टी त्याव्यतिरिक्त, आणि ती फक्त बँकांना.

या यादीबाहेर दुसरा एक प्रकार आहे, स्थानिक सुट्टीचा. जिल्ह्यात जिल्हाधिकारी तिथल्या जत्रा-उत्सव पाहून वर्षाला मोजक्या स्थानिक सुट्ट्या देतात. मुंबईतल्या शासकीय कार्यालयांसाठी हे काम सामान्य प्रशासन विभागच करतो, आणि गोपाळकाला व अनंत चतुर्दशी या मुंबईच्या नेहमीच्या दोन. या सुट्ट्या हुंडीच्या कायद्याखालच्या नाहीत, म्हणून त्या दिवशी बँक चालू असते. मंत्रालयात शुकशुकाट आणि समोरच्या बँकेत रांग, हे दृश्य दहीहंडीला दरवर्षी दिसते आणि दरवर्षी कुणीतरी नव्याने चिडते.

तिसरा प्रकार भाऊबीजेचा. दिवाळीत २४ च्या यादीबाहेरची एक अतिरिक्त सुट्टी राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना मिळते.

कर्मचाऱ्याच्या तोंडी या तिन्हींना एकच शब्द आहे, सुट्टी. बदल झाला की मात्र कोणत्या प्रकारची सुट्टी हलली यावर सगळे अवलंबून असते. ईदची सुट्टी पहिल्या प्रकारातली होती, म्हणून ती हलल्यावर मंत्रालयाबरोबर पैशांचा बाजारही हलला.

बाजाराची बाजू

अधिसूचनेनंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की सरकारी रोखे, परकीय चलन आणि नाणेबाजार यांतले व्यवहार ८ सप्टेंबरला बंद राहतील आणि त्या दिवशी पुरे व्हायचे व्यवहार ९ तारखेला पुरे होतील. देशाचा नाणेबाजार मुंबईत, म्हणून मुंबईच्या दोन जिल्ह्यांपुरत्या अधिसूचनेने देशभरच्या बँकांच्या ट्रेझरीचे वेळापत्रक बदलते. गुवाहाटीतल्या बँकेच्या अधिकाऱ्याला भायखळ्याच्या खिलाफत हाऊसपासून निघणाऱ्या जुलुसाची तारीख माहीत असावी लागते, ती अशी.

आता गंमत बघा. त्याच कलम २५ नुसार हुंडीची किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीला संपत असेल तर ती *आधीच्या* कामाच्या दिवशी देय ठरते, नंतरच्या नाही. ८ तारखेला मुदत संपणारी हुंडी घ्या. ७ ला रविवार, म्हणून ती देय होणार शनिवारी ६ तारखेला, ऐन विसर्जनाच्या दिवशी. पहिला शनिवार असल्याने बँका उघड्या होत्या. उलट ५ तारखेची हुंडी जुन्या यादीप्रमाणे ४ लाच द्यावी लागली असती, ती आता ५ ला. सरकारी कचेरीत कागद दाखल करण्याची शेवटची तारीख सुट्टीला आली तर जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ च्या कलम १० प्रमाणे तो पुढच्या कामाच्या दिवशी दाखल करता येतो. म्हणजे एकाच सुट्टीने एक मुदत अलीकडे ओढली जाते आणि दुसरी पलीकडे ढकलली जाते. आज हुंडीचा व्यवहार किती उरला आहे हा प्रश्न निराळा, पण कायदा तसाच आहे.

हे तीन वर्षे का चालले

२०२५ चे प्रकरण एकटे नव्हते. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरले आणि शासनाने सुट्टी २९ ला नेली. २०२४ मध्ये ईद १६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी १७ ला. मुंबईत सुट्टी १८ ला गेली. २०२५ मध्ये ५ आणि ६.

बातम्यांत याला 'योगायोग' म्हटले गेले. तो योगायोग नाही, साधे गणित आहे. हिजरी महिना आणि आपला अमान्त महिना दोन्ही चंद्रावर चालतात. आपली प्रतिपदा अमावास्या संपली की लागते. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर, एक-दोन दिवस उशिरा. त्यामुळे रबी-उल-अव्वल हा महिना भाद्रपदाच्या जोडीने आला की त्याची १२ तारीख, म्हणजे ईद-ए-मिलाद, शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीलाच पडणार. अनंत चतुर्दशी म्हणजे भाद्रपद शुद्ध १४. टक्कर ठरलेलीच.

ही जोडी टिकते अधिक महिना येईपर्यंत. हिजरी वर्षात अधिक मास नाही, आपल्याकडे आहे. २०२३ ला अधिक श्रावण होता, पुढचा अधिक ज्येष्ठ २०२६ ला. मधली तीन वर्षे दोन्ही महिने हातात हात घालून चालले. २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे भाद्रपद महिनाभर पुढे सरकतो. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला जाते आणि ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या शेवटी येते. ३३ हिजरी वर्षांत साधारण ३२ इंग्रजी वर्षे होतात, तेव्हा असा पट्टा पुन्हा यायला तीसेक वर्षे लागतील.

याच गणिताची दुसरी खूण आषाढीला दिसली होती. २०२३ ची आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला. २०२४ ची आषाढी आणि मोहरम दोन्ही १७ जुलैला, २०२५ ची दोन्ही ६ जुलैला. बकरी ईद आणि मोहरम हिजरी महिन्याच्या १० तारखेला, आषाढी शुद्ध एकादशीला, तेच गणित. तिथे जुलूस आणि विसर्जनासारखी एकाच रस्त्यावर दोन गर्दी होत नाही, म्हणून त्यावर फारसे कुणी लिहिले नाही.

सांगायचे एवढेच की २०२३ च्या सप्टेंबरात पहिला बदल झाला, तेव्हाच पुढची दोन वर्षे कागदावर दिसत होती.

कर्मचाऱ्याचा हिशेब

आता कार्यालयात येऊ. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. बदल्यात वेळ वाढली: सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५, शिपायांना ९.३० ते ६.३०. त्यामुळे सणाकडे बघण्याची कर्मचाऱ्याची नजरच बदलली. पूर्वी शनिवारी आलेला सण ही सुट्टीच असे, आता ती 'वाया गेलेली' सुट्टी. जानेवारीत कॅलेंडर हातात आले की आधी शनिवार-रविवारी किती सण गेले ते मोजले जातात आणि मग उसासे.

२०२५ ला मुंबईच्या दोन्ही नेहमीच्या स्थानिक सुट्ट्या शनिवारी गेल्या होत्या. गोपाळकाला १६ ऑगस्टला, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. शासनाने त्या वर्षापुरत्या त्या बदलून नारळी पौर्णिमा (८ ऑगस्ट, शुक्रवार) आणि ज्येष्ठागौरी विसर्जन (२ सप्टेंबर, मंगळवार) या दोन दिवशी दिल्या. यावर बाहेर टीका झाली. शनिवारी सुट्टी असतानाही यांना बदली सुट्टी हवी, वगैरे. टीका समजू शकतो, पण गौरी-विसर्जनाच्या दिवशी घरी थांबणारी बाई गोपाळकाल्याच्या दिवशी घरी थांबणाऱ्या पुरुषापेक्षा जास्त कामात असते, हे टीका करणाऱ्यांच्या लक्षात आले नाही असे मला वाटते.

याच कर्मचाऱ्याच्या नजरेने तीन वर्षांचे ईदचे बदल बघा. २०२३ ला सुट्टी २९ सप्टेंबरला, शुक्रवारी गेली. मुंबईत २८ ला अनंत चतुर्दशीची स्थानिक सुट्टी, २९ ला ईद, ३० ला शनिवार, १ ऑक्टोबरला रविवार, २ ला गांधी जयंती. सलग पाच दिवस. कुणी तक्रार केली नाही. २०२४ ला उलटे झाले. जुन्या यादीप्रमाणे १४ ला शनिवार, १५ ला रविवार, १६ ला ईद आणि १७ ला अनंत चतुर्दशी असा चार दिवसांचा सलग पट्टा होता. ईद १८ ला गेल्याने मधला सोमवार कामाचा झाला. आणि तो बदल जाहीर झाला शुक्रवारी, १३ तारखेला! गावी जाणारी माणसे तेव्हा गाडीत बसायच्या बेतात होती. २०२५ ला तीन दिवस होते ते तीनच राहिले, शुक्रवार-शनिवार-रविवारऐवजी शनिवार-रविवार-सोमवार. पण परतीचे तिकीट रविवारचे काढलेल्याला त्याचा उपयोग नाही, आणि शुक्रवारी पहाटेचे तिकीट काढलेल्याला तर नुकसानच.

अशा वेळी कार्यालयात काय होते? आधी ग्रुपवर एक पीडीएफ येते. 'खरी आहे का?' हा पहिला प्रश्न, कारण बनावट जीआर फिरायची सवय झालेली आहे. मग कुणीतरी शासनाच्या संकेतस्थळावर जाऊन बघतो. आस्थापना शाखेतला लिपिक 'आपल्याला लागू आहे की नाही ते साहेबांना विचारतो' म्हणतो. विचारण्यासारखे असतेच: कार्यालय मुंबईत आहे, पण महामंडळ आहे, कंपनी कायद्याखालचे आहे, त्याचे सुट्टीचे परिपत्रक वेगळे निघते. तोवर ज्यांना शुक्रवारी खरोखर जायचे आहे ते निमूटपणे एक सीएल टाकतात. वर्षाला आठच नैमित्तिक रजा, त्यातली एक अशी जाते. आणि ती रजा टाकणाऱ्याला सोमवारची सुट्टी मिळतेच, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

मुलुंडच्या पलीकडे

सगळ्यात जास्त ओढाताण झाली ती जिल्ह्याच्या सीमेवर. अधिसूचना दोन जिल्ह्यांपुरती. मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणे जिल्हा, दहिसर ओलांडले की मीरा रोड, तोही ठाणे जिल्ह्यातच. विरार पालघर जिल्ह्यात, पनवेल रायगडात. मुंबईच्या सरकारी कार्यालयांत काम करणारे हजारो लोक रोज या सीमा ओलांडून येतात.

डोंबिवलीतले एक घर डोळ्यांसमोर आणा. आई मंत्रालयात, वडील ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, मुलगी डोंबिवलीच्या शाळेत. ५ तारखेला वडील आणि मुलगी घरी, आई लोकलमध्ये. ८ तारखेला आई घरी, बाकी दोघे बाहेर. घरात सुट्ट्या दोन, पण एकत्र एकही नाही. ठाण्यातली बँक शुक्रवारी बंद, मुंबईतली उघडी, सोमवारी उलटे. शिवाय ५ सप्टेंबर म्हणजे शिक्षक दिन. मुंबईतल्या शाळांनी सुट्टी आहे म्हणून तो कार्यक्रम आदल्या दिवशी घ्यायचे ठरवले असेल तर त्यांना एका दिवसात सगळे पुन्हा आखावे लागले.

दोन जिल्ह्यांपुरती मर्यादा घालण्यामागे तर्क आहे. मोठा जुलूस आणि मोठे विसर्जन एकाच ठिकाणी येण्याचा प्रश्न मुंबईत सर्वांत टोकाचा. पण प्रशासनाने जिल्हा हा घटक धरला आणि माणसे महानगर हा घटक धरून जगतात. ठाण्याला पर्याय द्यावा की नाही, निदान हा प्रश्न अधिसूचनेआधी कुणी विचारला असता तर बरे झाले असते.

ज्यांना यातले काही लागू नाही

केंद्र सरकारच्या मुंबईतल्या कार्यालयांना राज्याची अधिसूचना आपोआप लागू होत नाही. दोन्ही ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद या सुट्ट्यांची तारीख राज्याच्या निर्णयाच्या आधारे बदलण्याची मुभा राज्याच्या राजधानीतल्या केंद्रीय कर्मचारी कल्याण समन्वय समितीला आहे. ती बसेल, ठरवेल, कळवेल. न्यायालयांचे वेळापत्रक उच्च न्यायालय ठरवते.

खासगी दुकाने-आस्थापनांना २०१७ चा राज्याचा कायदा वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या देतो: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या चार. ईद त्या चारांत असेल तर तारीख त्यांनीच ठरवायची.

पोलिसांचे तर बोलायलाच नको. ज्यांच्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून दोन मिरवणुका लांब केल्या, त्यांना ५ ला सुट्टी नाही, ६ ला नाही, ८ ला नाही. सरकारी इमारतीत बाह्य संस्थेमार्फत येणारे सफाई कर्मचारी आणि सुरक्षारक्षक यांनाही अधिसूचनेने काही मिळत नाही. त्यांचा दिवस कंत्राटातल्या कलमावर ठरतो.

न्यायालयात जाऊन यातले काही बदलेल असे कुणाला वाटत असेल तर जानेवारी २०२२ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. दादरा-नगर हवेलीत २ ऑगस्टची सुट्टी हवी म्हणून आलेली ती याचिका होती. सुट्टी देणे-न देणे हे शासनाचे धोरण, सार्वजनिक सुट्टीचा मूलभूत अधिकार कुणालाही नाही, असे खंडपीठाने म्हटले. सुट्ट्या जास्त झाल्या आहेत, कमी कराव्यात, असाही शेरा मारला. अयोध्येतल्या राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेसाठी दिलेल्या २२ जानेवारी २०२४ च्या खास सुट्टीविरुद्ध कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केलेली याचिकाही आदल्या दिवशी, रविवारी विशेष सुनावणी घेऊन फेटाळली गेली.

काय करता आले असते

सामान्य प्रशासन विभागाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. चंद्रदर्शनामुळे तारीख एक दिवस इकडे-तिकडे होते; २०२३ ची बकरी ईदची सुट्टीही २८ जूनवरून २९ ला न्यावी लागली होती. शिवाय जुलूस पुढे ढकलण्याचा निर्णय समाजाच्या संघटनांनी घ्यायचा असतो, तो शासनाने आधीच गृहीत धरून जाहीर केला तर तेच वादाचे कारण ठरेल. २०२३ ला हा निर्णय संघटनांनी आपणहून घेतला, म्हणून त्याला मान मिळाला. तो मान शासनाने आपल्या नावावर घेऊ नये.

पण निर्णय गृहीत न धरताही सूचना देता येते. वार्षिक यादी आदल्या वर्षाच्या अखेरीस निघते. ज्या वर्षी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन दिवसांच्या आत येतात, त्या वर्षी ईदच्या नावाला एक चांदणी लावून खाली लिहायचे की मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांत ही तारीख बदलू शकते, अंतिम तारीख गणेश चतुर्थीपर्यंत कळवली जाईल. २०२५ ला गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. म्हणजे दोन दिवसांऐवजी नऊ दिवस मिळाले असते, आणि तिकीट काढणाऱ्याला जानेवारीपासूनच माहीत असते की ही तारीख पक्की नाही. पोलीस, महापालिका आणि गणेशोत्सव मंडळे यांच्या बैठका गणपती बसायच्या आधी होतातच. जुलुसाच्या आयोजकांशी त्याच सुमारास बोलणे झाले असते तर तारीखही तेव्हाच हाती आली असती.

दुसरी सुधारणा याहून सोपी. अधिसूचनेच्या शेवटी चार ओळी: बदल कोणत्या कायद्याखालचा, तो बँकांना लागू आहे की नाही, महामंडळांनी आणि शाळांनी काय करायचे, आणि जुन्या तारखेला आधीच मंजूर झालेल्या रजेचे काय. शुक्रवारी सीएल टाकलेल्या माणसाला ती सोमवारच्या सुट्टीशी अदलाबदल करून परत घेता यावी का, याचे उत्तर आज प्रत्येक कार्यालयाचा प्रमुख आपापल्या मनाने देतो. एका मजल्यावर 'चालेल', वरच्या मजल्यावर 'नियमात बसत नाही'.